अडखळली म्हणजे खरं

शिरूर कासारपासून थोडं आत, सिंदफणेच्या काठाला एक वस्ती आहे. शहादेव तिथला. उंच, वाळलेला, मिशी मात्र भरघोस. दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको सुनिता ऊसतोडीला जातात. गुढीपाडव्याच्या आसपास परततात. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. "कोयता आला का?" असं मुकादम विचारतो तेव्हा तो हत्याराबद्दल विचारत नसतो. या दोघांबद्दल विचारत असतो.

श्रावणातल्या सप्ताहात मात्र शहादेव कोयता नसतो. तेव्हा तो वाचक असतो.

मारुतीच्या देवळापुढं मांडव पडतो. पारायणाला बसणारे रांगेनं बसतात, प्रत्येकापुढं पाटावर पोथी. शहादेवची जागा ठरलेली, उत्तरेश्वर तात्यांच्या उजव्या हाताला. पांढरी टोपी, कपाळाला बुक्का, गळ्यात उपरणं. एकदा मांडी घातली की उठायचं नाव नाही. ओठ हलत असतात. मान डोलत असते. बोट जिभेला लावून तो सावकाश पान उलटतो. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आत कुठंतरी पार बुडाला आहे.

तो बुडालेलाच असतो. फक्त त्याला वाचता येत नाही.

दुसरीत असताना त्याची शाळा सुटली. आईबाप उसाला गेले, तोही गेला. परत आला तेव्हा अक्षरं ओळख देईनात. आता सही तेवढी येते, तीही चित्र काढावं तशी. म्हणून पारायणात तो तात्यांवर नजर ठेवून असतो. तात्यांनी पान उलटलं की हा उलटतो. तात्या थांबले की हा थांबतो. कुणाला फसवावं असं त्याच्या मनात नसतं. त्याला तो सूर आवडतो. मांडवाची सावली आवडते. शिवाय त्या आठवड्यात बायाबापड्या त्याला शहादेव महाराज म्हणतात आणि वाकून पाया पडतात. उरलेलं वर्ष त्याच्या पायाकडं कुणी बघत नाही.

त्याची मुलगी स्वप्नाली अगदी लहान असल्यापासून पारायणात त्याच्या गुडघ्याला टेकून बसायची. मोठ्या डोळ्यांनी सगळं बघायची. पोरीला देवाची ओढ आहे, असं त्याला वाटायचं.

स्वप्नाली तिसरीत गेली त्या वर्षी शाळेत सत्यशीला मॅडम नव्या आल्या. जिल्हा परिषदेची शाळा, चार वर्ग आणि दोन शिक्षक. दुसरे सर कधी प्रशिक्षणाला, कधी कुठल्या मोजणीला. ते नसले की चारही वर्ग मॅडमच्या अंगावर. गावाची ओळख व्हावी म्हणून मॅडम सप्ताहात एक दिवस येऊन बसल्या. रांगेतला शहादेव त्यांनी पाहिला. इतकं मन लावून वाचणारा माणूस त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

पोळ्यानंतर पालकांची सभा झाली. बाया एका अंगाला, गडी एका अंगाला. मॅडमनी प्रस्तावना वगैरे काही केली नाही.

"मी खरंच सांगते," त्या म्हणाल्या. "हजेरी होते, परिपाठ होतो, खिचडी होते, मोबाईलवर माहिती भरून होते. उरलेला वेळ चार वर्गांत वाटायचा. तिसरीला फळ्यावर गुंतवलं की पहिलीचं लेकरू रडतं. त्याला गप्प केलं की चौथीत मारामारी. एकेका लेकराला जवळ घेऊन त्याचं वाचन ऐकावं, तर एकेकाच्या वाट्याला येणाऱ्या वेळापेक्षा माझा चहा प्यायचा वेळसुद्धा जास्त असतो. आणि माझा चहा रोज गार होतो."

लोक हसले.

"वाचायला शिकताना ऐकणारं माणूस लागतं. शाळेत ते कमी पडतं. म्हणून रोज संध्याकाळी घरातलं कुणीतरी पोराच्या पुढ्यात बसा. दुसरं काही मागत नाही."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. एक म्हातारी म्हणाली, "बाई, आमालाच येत न्हाई, तर बसून काय करावं?"

"ज्यांना येतं त्यांनी तरी सुरुवात करावी," मॅडम म्हणाल्या. त्यांची नजर फिरत फिरत एका मिशीवर थांबली. "आता हे शहादेव भाऊ. पारायणात मी त्यांना पाहिलंय. यांच्या घरी तर काही अडचणच नाही."

सगळी सभा त्याच्याकडं बघू लागली. शहादेवनं मिशीवरून हात फिरवला. नाही म्हणायची वेळ तेवढ्यात निघून गेली.

घरी आल्यावर सुनितानं भाकरी थापता थापता विषय काढला. तिला शाळेचं वाकडं नव्हतं. तिचा हिशेब साधा होता. आदल्या साली स्वप्नाली त्यांच्याबरोबर तोडीला गेली होती. निम्मं वर्ष शाळा नाही. परतल्यावर पुस्तक उघडलं तर पोरगी अक्षरांकडं परक्यासारखी बघू लागली. आता ती तिसरीत होती आणि अजून तसंच बघत होती.

"बसा तुमी," सुनिता म्हणाली. "दिवाळीपस्तोर मी बगते. वाचाया लागली तर राहू द्या म्हातारीपाशी. न्हाई तर येऊ द्या आपल्यासंगं. हितं नुसतं बसून काय करायची? तितं गहिनीनाथला तरी सांभाळंल."

गहिनीनाथ म्हणजे स्वप्नालीचा धाकटा भाऊ. नाव केवढं भारदस्त, पण अजून नीट चालताही येत नव्हतं. तो तेव्हा राखेत बसून राख खात होता.

म्हातारी म्हणजे शहादेवची आई, सुभद्राबाई. ती बाजेवरून म्हणाली, "राहू द्या पोरगी. मला बी सोबत हुईल."

"सोबतीसाठी न्हाई ठिवायची आत्या. शिकत असली तर ठिवायची."

म्हातारीनं मान हलवली, कारण ते बरोबर होतं.

शहादेवला मात्र पोरगी मागं राहायला हवी होती. त्यानं आदल्या साली एक गोष्ट पाहिली होती. तोडीच्या गावात त्यांच्या पाचटाच्या कोपीवरून, म्हणजे झोपडीवरून, सकाळी तिथली पोरं सायकलींवर शाळेला जायची. स्वप्नाली कडेवर भाऊ घेऊन रस्त्याला उभी राहायची. पोरं वळणाआड गेली तरी तिथंच. मग आईनं हाक मारली की हलायची. शहादेवनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ओसरीत घोंगडी पडली. वर दिवा. स्वप्नाली पुस्तक घेऊन बसली, तिच्यापुढं मांडी घालून शहादेव. त्यानं टोपी घातली होती. टोपीशिवाय वाचनाला बसायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं.

"वाच," तो म्हणाला.

स्वप्नालीनं बापाकडं बघितलं. मग पुस्तकाकडं. मग वाचायला लागली.

शहादेव थक्क झाला. पोरगी अशी वाचत होती जशी नळाची तोटी फुटावी. कुठं थांबणं नाही, कुठं अडणं नाही. एक कावळा होता. एक म्हातारी पापड वाळत घालत होती. कावळ्यानं पापड उचलला. इथपर्यंत चित्रातही होतं. पुढं कावळा शिरूरच्या स्टँडवर गेला. एसटीत खिडकीजवळ बसला. मांजरसुंब्याला उतरला आणि ढाब्यावर जाऊन म्हणाला, पापडासंगं जरा चटणी द्या. ढाबेवाला म्हणाला, भायरचं खाणं हितं चालत न्हाई.

"पुढं," शहादेव म्हणाला. त्याला खरोखरच पुढचं ऐकायचं होतं.

दोन-तीन दिवसांत शेजारची माणसं जमू लागली. उत्तरेश्वर तात्याही येऊन कट्ट्यावर टेकले. रोज नवा धडा. हरणाचं लग्न परळीला लागलं. वाघाला गेवराईच्या बाजारात कुणी ओळखलं नाही. शहादेव मान डोलवायचा. पोरगी पान उलटायची. सुनिता चुलीपासून म्हणायची, "आवाज तर चांगला हाय." तिच्याकडून एवढं म्हणजे फार झालं. तात्या मात्र विडी विझवून कानावर ठेवायचे आणि हसत उठून जायचे.

शहादेवची छाती फुगली. चहाच्या टपरीवर तो लोकांना सांगू लागला, सरकारनं आता पुस्तकं लई चांगली काढली. आपल्या भागाचं नाव घातलंय. टपरीवर कुणाला ते खोटं वाटलं नाही. कधीतरी घालायलाच हवं होतं.

आणि एक दिवस शाळेपुढून जाताना त्याला मॅडम भेटल्या.

"मॅडम, तो मांजरसुंब्याचा धडा लई आवडला बरं का आमाला."

"कुठला धडा?"

"कावळा ढाब्यावर जातो तो."

मॅडमनी त्याच्याकडं नीट बघितलं. त्यांनी त्याला वर्गाच्या खिडकीपाशी नेलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत तिसरीची पोरं मनातल्या मनात वाचत होती. स्वप्नाली भिंतीकडं बसली होती, तिच्या शेजारी राजनंदिनी. राजनंदिनीनं पान उलटलं. स्वप्नालीनं बोट जिभेला लावलं आणि सावकाश पान उलटलं. राजनंदिनी एका जागी रेंगाळली. स्वप्नालीही रेंगाळली. तिचे ओठ हलत होते. मान हळूहळू डोलत होती.

"बाजूला घेतलं तेव्हा कळलं, तिला दोन अक्षरं जोडता येत नाहीत," मॅडम हळूच म्हणाल्या. "पण लांबून बघाल तर वर्गात हिच्याइतकं मन लावून कुणी वाचत नाही. मलाच कितीतरी दिवस कळलं नाही. एवढ्या पोरांत माझी नजर किती पुरणार? हे ती शिकली कुठून, देव जाणे."

देवाबरोबर आणखी एकाला ते माहीत होतं. शहादेवच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मॅडम, पाण्याची टाकी कुठंशी हाय?" त्यानं विचारलं.

संध्याकाळी त्यानं घोंगडी टाकली नाही. शेळ्या घेऊन तो नदीकडं निघाला आणि स्वप्नालीला म्हणाला, "चल." नदीला घोट्याएवढं पाणी होतं. शेळ्या प्यायला लागल्या. बापलेक दगडावर बसले.

"ते कावळ्याचं तू मनानं सांगितलं?"

"व्हय."

"मांजरसुंबा बी?"

"तितं आपण मिसळ खाल्लती ना. म्हणून घेतलं."

शहादेवनं पाण्यात एक खडा टाकला. रागवायला तोंड उघडावं तर शब्द कुठले आणायचे? शेवटी त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "मला सांगावं न्हाई का, येत न्हाई म्हणून?"

"तुमाला बी येत न्हाई."

"कुणी सांगितलं तुला?"

"सप्त्यात तात्या शिंकले. त्यांचा हात असा हालला. तुमी लगीच पान उलटलं. मंग बघून परत मागं आणलं." तिनं हात हलवून दाखवला. "तवाच मला कळलं, वाचन असं असतंय."

शहादेवला हसू फुटलं. आधी त्यानं ते मिशीत दाबलं. मग दाबवेना. पोरगीही हसू लागली. शेळ्यांनी पाण्यातून माना वर करून बघितलं. हसणं थांबल्यावर मात्र तो बोटांवर दिवस मोजू लागला. दिवाळी जवळ आली होती. त्याला ते वळण आठवलं, आणि कडेवर पोर घेऊन उभी असलेली ही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो तिला घेऊन मॅडमपुढं उभा राहिला. कसं सांगायचं ते रस्ताभर जुळवत होता. पण तोंड उघडायच्या आधीच स्वप्नाली बोलून गेली, "मॅडम, मी पप्पाकडून शिकले. पप्पाला बी येत न्हाई."

मॅडम पायरीवर बसल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलू लागले तेव्हा शहादेवला कळलं, त्या हसत होत्या. मग त्यालाही जरा बरं वाटलं.

"माझंच चुकलं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "त्या दिवशी सभेत मी म्हणाले, ज्यांना येतं त्यांनी बसा. ते चूक होतं. अहो, वाचायचं तिला आहे. तुम्हाला फक्त ऐकायचंय. ती बोट ठेवून एकेक शब्द म्हणेल. अडली तर तुम्ही थांबायचं."

"पण अडली तर सांगणार कोण?"

"कुणीच नाही. ज्या आईबापांना येतं ना, ते पटकन सांगून मोकळे होतात. मग लेकरू कशाला डोकं लावेल? तुम्हाला सांगताच येणार नाही, हे तिच्या भाग्याचं आहे." मॅडमनी स्वप्नालीच्या डोक्यावर टपली मारली. "अक्षरांचं मी बघते. खिचडीच्या सुट्टीत माझ्याजवळ बसायचं. पण तेवढ्यानं होणार नाही. संध्याकाळ तुमची, शहादेव भाऊ."

संध्याकाळ त्याची झाली. घोंगडी पुन्हा पडली. या वेळी टोपी नव्हती. कावळ्याचं सगळं मनचं होतं, हे पोरीनं आईला सांगून टाकलं होतं; बापाचं तेवढं सांगितलं नव्हतं.

पहिले काही दिवस दोघांचा घाम निघाला. एका ओळीत अर्धी संध्याकाळ जायची. स्वप्नाली एका शब्दावर बोट ठेवून बसायची. म्हणायची, चुकायची, परत म्हणायची. शहादेव वाट बघायचा. शेजाऱ्यांचा विरस झाला. "बे शहादेव, पोरगीला झालं काय? आधी पळत होती," एक जण म्हणाला. "आधी पळत होती, आता चालाया शिकतीय," शहादेव म्हणाला. गर्दी पांगली. उत्तरेश्वर तात्या तेवढे येत राहिले.

ऐकणं शहादेवला नवं नव्हतं. पारायणात वर्षानुवर्षं त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं. पण ते दुरून ऐकणं होतं. आता पोरीचं तोंड समोर होतं. श्वास कुठं घेते, पापणी कुठं हलते, सगळं दिसत होतं. हळूहळू त्याच्या एक लक्षात आलं. पोरगी मनानं सांगते तेव्हा गाडी डांबरी रस्त्यावरून जावी तशी जाते. खरं वाचते तेव्हा खडकाळीतून जाते. आचके बसतात, चाक अडतं, मग एकदम सुटतं.

स्वप्नाली चाबरी होती. कंटाळा आला की मध्येच एखादी ओळ घुसडायची.

"थांब," शहादेव म्हणायचा. "ह्ये तुझं हाय. पुस्तकाचं न्हाई."

"कशावरून?"

"लई सरळ गेली."

ती हसायची आणि बोट मागं न्यायची. कधी तो विचारायचा, "मंग त्या हरणानं कावून पाणी न्हाई पिलं?" तिला सांगता यायचं नाही. मग दोघं मिळून मागच्या ओळीला जायचे. ती वाचायची, तो ऐकायचा, आणि कारण तिथंच सापडायचं. हरणाला पाण्यात वाघाची सावली दिसली होती. ते सापडलं त्या दिवशी शहादेव जेवताना दोनदा म्हणाला, "सावली दिसली बघ त्याला." सुनितानं त्याच्या ताटात आणखी कोरड्यास वाढलं. तीही रोज ऐकत होती. चुलीपाशी बसूनही तिला कुठला धडा चालू आहे ते माहीत असायचं.

दिवाळी आली. झेंडूच्या माळा लागल्या, करंज्या झाल्या. मुकादमाचा निरोप आला, ट्रॅक्टर उद्या येणार. ओसरीत गाठोडी बांधून पडली. भांडी, अंथरुणं, पिठाची पोती. त्यातल्या एका गाठोड्यात स्वप्नालीचे दोन फ्रॉक आणि स्वेटर होता. ते गाठोडं सुनितानंच बांधलं होतं. शहादेवनं पाहिलं. तो म्हणाला, "तू म्हणलीवतीस दिवाळीपस्तोर."

"व्हय. मंग आज दिवाळी हाय. वाच म्हणा."

स्वप्नाली पळत जाऊन पुस्तक घेऊन आली.

"पुस्तक न्हाई," सुनिता म्हणाली. "ते तिला पाठ झालंय. ऐकून ऐकून मला बी झालंय." ती उठली. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, पान उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत भविष्य छापलं होतं. "माझी रास कुंभ हाय. कुंभ हुडीक आन वाच."

ओसरीत सुभद्राबाई होती, फराळाला आलेले उत्तरेश्वर तात्या होते. गहिनीनाथच्या दोन्ही हातांत चकल्या होत्या. शहादेव पुढं सरकून बसला. हा मजकूर त्यानं ऐकलेला नव्हता. मॅडमनी शिकवलेला नव्हता.

स्वप्नालीचं बोट खाली खाली गेलं. थांबलं.

"कुं... भ. कुंभ," ती म्हणाली. "घरा... तील. घरातील. मो... मोठ्यांचा स... सल्ला. घ्या. घरातील मोठ्यांचा सल्ला घ्या."

"बरं सांगितलं," सुभद्राबाई म्हणाली.

"बोल... बोलण्यावर. ता... ताबा. ठेवा. बोलण्यावर ताबा ठेवा."

तात्यांना ठसका लागला. सुनितानं कमरेवर हात ठेवले.

"प्र... प्रवासात. सा... सामान. कमी. ठेवा."

"बास," सुनिता म्हणाली. "कळलं मला. ह्ये छापलेलं न्हाई. बोलण्यावर ताबा ठेवा म्हणं. सामान कमी ठेवा म्हणं. ह्ये बापलेकीनं मिळून ठरवलंय. कावळ्याला एसटीत बसवणारी पोरगी हाय ती, मला सांगू नका." ती नवऱ्याकडं वळली. "तुमी सप्त्यात एवढं वाचता ना? घ्या मग. बघा आन सांगा, खरं वाचलं का."

तिनं कॅलेंडर त्याच्यापुढं धरलं.

शहादेवनं बघितलं. मुंग्यांची रांग. व्हय म्हणणं सोपं होतं. टोपी, बुक्का, पाया पडणाऱ्या बाया, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. त्याचं व्हय तात्यांपुढंही चाललं असतं.

"मला वाचता येत न्हाई," तो म्हणाला. "सप्त्यात मी तात्याकडं बघून पानं उलटतो. पण ही खोटं वाचती का खरं, ते मला कळतंय. खोटं असलं की पळती. अडखळली म्हणजे खरं. आत्ता बघ किती जागी अडखळली. एक शबूद बी तिच्या मनचा न्हाई."

मग उत्तरेश्वर तात्यांनी खिशातून चष्मा काढला, धोतराला पुसला आणि हात पुढं केला. "आण इकडं." त्यांनी कुंभ शोधली. ओठ हलवत वाचली. कॅलेंडर सुनिताला परत दिलं.

"जसंच्या तसं हाय, सूनबाई. ताबा बी हाय आन सामान बी हाय."

मग ते शहादेवकडं बघून म्हणाले, "आन तुला काय वाटलं बे, मला म्हाईत न्हाई? इतकी वर्षं मी पान एवढं फडफडवून उलटतोय, ते कुणासाठी?"

शहादेवनं मान खाली घातली. कान पुन्हा तापले होते. पण या वेळी पाण्याची टाकी विचारावीशी वाटली नाही.

सुनिता बराच वेळ कॅलेंडरकडं बघत उभी राहिली. तिलाही वाचता येत नव्हतं. तिनं मुलीला जवळ बोलावलं. "कुठं हाय ते, बोलण्यावर ताबा?" स्वप्नालीनं बोट ठेवलं. सुनितानं त्या जागेवरून अंगठा फिरवला, जसं काही वर आलेलं हाताला लागेल.

"लिहिणारा मेला कोण हाय की," ती म्हणाली. तिला हसू येत होतं.

कॅलेंडर खिळ्याला लावून ती गाठोड्यापाशी बसली. गाठ सोडली. फ्रॉक काढले, स्वेटर काढला, झटकून आतल्या दोरीवर टाकले. गाठ पुन्हा आवळली.

"सामान कमी ठिवा म्हणलंय," ती म्हणाली. "गहिनीनाथला मी झोळीत बांधीन. उसाच्या बांधाला झोपंल."

सकाळी ट्रॅक्टर आला. सुभद्राबाई आणि स्वप्नाली वेशीपर्यंत आल्या. रडारड थोडी झाली, पण फार वेळ नाही, कारण शाळेची वेळ झाली होती आणि मॅडमनी उशीर करू नको म्हणून बजावलं होतं.

आता टोळी लांबच्या एका कारखान्याच्या शिवारात आहे. संध्याकाळी हातपाय धुऊन झाले की शहादेव फोन लावतो. कोप्यांत रेंज नसते, म्हणून तो उसानं भरलेल्या गाडीवर चढून बसतो. तिकडून सुभद्राबाई फोन धरते आणि स्वप्नाली वाचते. मोठा आवाज लावलेला असतो. पहिल्यांदा फक्त शहादेव ऐकायचा. मग शेजारच्या कोपीतले आले. मग त्यांच्या शेजारचे. त्यांचीही पोरं कुणाकुणाची गावी आहेत, कुणाची इथंच पाचटावर खेळत आहेत. एक-दोघांनी हल्ली आपापल्या घरी फोन लावायला सुरुवात केली आहे. पण गाडी एकच, त्यामुळं वर चढायला पाळी लागते.

काल नव्या धड्यात एक हरीण विहिरीत पडलं. स्वप्नाली एका शब्दापाशी थांबली होती. गाडीभोवतीची माणसंही थांबली होती. एकानं सांगायला तोंड उघडलं तर शहादेवनं हात वर करून त्याला गप्प केलं.

"आवं, तिला इचारा, जेवली का," खालून सुनिता ओरडली.

"थांब की. हरीण आजून हिरीत हाय."

"मंग त्याला काढा आधी वर," सुनिता म्हणाली, आणि झोळी हलवायला लागली.